भोंग्यातलं भांडण

झड लागली की वरवट बकाल गावातली माणसं घरात बसतात, ढोरं गोठ्यात बसतात, कुत्री ओसरीवर अंग चोरून पडतात. फौजदार तेवढा बसत नव्हता. बसणं त्या कुत्र्याच्या कुंडलीतच नव्हतं. तांबूस अंग, एक कान दुमडलेला, पाय सदा उचललेले. जन्म वावरातला, वाढ वावरातली आणि नोकरीही वावरातलीच, मक्यात शिरणारे रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं हाकलायची. पण पाऊस असा जुंपला की वावराच्या वाटेवरचा नाला दुथडी भरला आणि फौजदाराला घरी आणून कोंडावं लागलं. मोकळं सोडावं, तर तो सरळ नाल्याकडे धावत सुटे. बांधावं, तर असा गळा काढे की शेजारीपाजारी येऊन विचारत, कोण गेलं म्हणून.

घर सुभद्राबाईचं. दोन खोल्या, वर टिनं. पुढच्या खोलीत बाजेवर तिचा नवरा अर्जुनराव पडलेला. चैत्रात त्याला लकवा मारला. उजवं अंग गेलं ते गेलंच, वाचाही गेली. अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा ज्याचा गळा, त्याच्या तोंडून आता ‘अं’ आणि ‘बा’ एवढंच निघे. मुलगा जीवन खामगावला कंपनीत, आठवड्याला घरी येणारा. म्हणजे घरात सासू, सून, बाजेवरचा माणूस आणि हा चार पायांचा वळवळ्या.

सून प्रतीक्षा हुशार. तिनं मोबाइलवर शोध लावला. “आत्याबाई, यात सांगतेत, कुत्र्याच्या डोक्याले काम द्या. मंग थो थकते.”

“डोकं असन तं थकन ना वं,” सुभद्राबाई म्हणाली, पण तिनं वाट्या काढून दिल्या.

तीन वाट्या उपड्या घातल्या, एकीखाली भाकरीचा तुकडा. फौजदारानं एका पंजात तिन्ही उडवल्या, तुकडा गिळला आणि आणखी वाट्या कुठं आहेत ते पाहायला मांडणीच पाडली. मग जुन्या लुगड्याला गाठी मारून त्याला ओढायला दिलं. लुगड्याच्या चिंध्या झाल्या. मग प्लास्टिकच्या बाटलीत शेंगदाणे भरून दिले. हा खेळ त्याला भारी आवडला. ती बाटली खडखडवत तो दोन्ही खोल्यांत असा नाचला की सुभद्राबाईचं कपाळ उठलं आणि तिनं बाटली चुलीत घालायची धमकी दिली.

शेवटी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात मक्याच्या कणसांचा ढीग घेऊन बसली. कणीस पुढच्या खोलीत फेकायचं, त्यानं धावत जाऊन आणायचं, पुन्हा फेकायचं. सकाळ गेली, दुपार गेली. बाईचा खांदा भरून आला, कुत्र्याचा उत्साह काही ओसरेना. अर्जुनराव बाजेवरून पाहत होता. अधूनमधून तो डावा हात उचले आणि ‘बा’ करी. फौजदार थबके, मान वाकडी करून मालकाकडे पाही. हुकूम काय ते त्याला कळत नसे, मग पुन्हा दौड सुरू. अर्जुनरावाचा हात मग खाली येई.

“आत्याबाई, हा त्या भोंग्यापुढं कसा गप पडून राहे ना वावरात?” प्रतीक्षा म्हणाली. “थो आणला असता तं?”

“खराब झाला थो,” सुभद्राबाई म्हणाली आणि कणीस जरा जोरातच फेकलं.

साफ खोटं. भोंगा घरातच होता, गव्हाच्या कोठीमागं, पोत्यात गुंडाळून. आणि तो बाहेर काढण्यापेक्षा आपला हात निखळून पडला तरी बेहत्तर, असं बाईनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

त्या भोंग्याची गोष्ट गावाला तोंडपाठ. जनावरं पळवायला आता सगळेच वावरात भोंगा लावतात. बटण दाबायचं, हाड-हुर्र ओरडायचं, की तो डबा तेच तेच ओरडत बसतो. अर्जुनरावानं रब्बीच्या मक्यासाठी आणला. बटण दाबून तो ओरडणार, एवढ्यात सुभद्राबाई शिदोरी घेऊन पोचली. त्यानं ठेच्याचा घास घेतला आणि हाड-हुर्र राहिलं बाजूला.

“यात मीठ कोन टाकन? तुहा बाप?”

“माह्या बापाचं नाव घेता? जीभ झडो तुमची!”

मागून फौजदाराचं भुंकणं. एवढंच भरलं भोंग्यात. दुसरं भरायचं ते अर्जुनरावानं भरलंच नाही. पहिल्याच दिवशी रोह्यांचा कळप शेपट्या वर करून पळाला. “दोघं जनं हायेत असं वाटते त्यायले,” तो म्हणे, “अन् त्यातली एक बायको हाय, हे बी समजते.” सगळ्या शिवारात ते भांडण घुमे. बाया पाणवठ्यावर विचारत, काय वं, मिटलं का नाई अजून? सुभद्राबाई वरवर चिडे, आतून तिलाही हसू येई. फौजदार तर त्या भोंग्याखालीच मोठा झाला. ते दोन आवाज सुरू असले की जगात सगळं जागच्या जागी आहे, अशी त्याची समजूत. तो खुशाल हनुवटी पंजांवर टेकून पडे.

आणि चैत्रात खरंच जीभ गेली.

अकोल्याच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो दाखवला, शिरेत गुठळी कुठं झाली ते बोट ठेवून समजावलं. सुभद्राबाईनं मान डोलावली. तिला कारण ठाऊक होतं. एकदा बोललं असतं तर एक वेळ हवेत विरलं असतं, पण तिचा शाप त्या डब्यानं साऱ्या हंगामात किती हजार वेळा म्हणून दाखवला! दवाखान्यातून आल्यावर तिनं पहिलं काम काय केलं, तर वावरात जाऊन भोंगा उतरवला आणि कोठीमागं दडवला. कुणाशी बोलली नाही. कुणाशी बोलायचं? ज्याच्याशी बोलायचं, त्याच्यासमोर तर ते शब्द काढायचे नव्हते.

संध्याकाळी दूधवाला आला. दार हातभर उघडलं आणि फौजदार त्या फटीतून सुटला.

“नाल्यावर गेला थो!” प्रतीक्षा ओरडली आणि दूधवाला कॅन टाकून मागं पळाला. सुभद्राबाई दाराशी उभी, पावसात काही दिसेना. मागं धप्पकन आवाज झाला. वळून पाहते तर अर्जुनराव बाजेखाली. पाय चालत नसताना कुत्र्याच्या मागं निघाला होता! डाव्या हातानं जमीन खरवडत तो दाराकडे सरकत होता आणि तोंडातून ‘बा, बा, बा’ चाललं होतं. हाक मारत होता बापडा.

दोघींनी मिळून त्याला उचलून बाजेवर घातलं. थोड्या वेळानं दूधवाल्यानं फौजदाराला खांद्यावर घालून आणलं. नाल्याच्या काठच्या बाभळीत अडकला म्हणून वाचला. चिखलानं बरबटलेला, कानाशी खरचटलेला. आणि खाली ठेवल्याबरोबर भडव्यानं काय करावं? अंग झाडलं आणि पुन्हा दारावर पंजे मारायला लागला.

अर्जुनराव बाजेवर धापा टाकत होता, डोळ्यांच्या कडा ओल्या. सुभद्राबाईनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा कुत्र्याकडे. मग ती आत गेली, कोठीमागं हात घातला आणि पोतं बाहेर काढलं.

“प्रतीक्षा, तू चहा टाक. आतच थांब.”

भोंगा कानठळ्या बसवणारा. सून आत थांबली काय आणि बाहेर आली काय, फरक काय पडणार होता? पण बाईला तेवढाच आडोसा. प्रतीक्षाच्या चार्जरला लावून तिनं भोंगा नवऱ्याच्या उशाशी ठेवला आणि डोळे मिटून बटण दाबलं.

“यात मीठ कोन टाकन? तुहा बाप?”

टिनं दणाणली. फौजदाराचे पंजे दारावरून खाली आले. दुमडलेला कानसुद्धा उभा राहिला. तो आला, भोंग्यापुढं दोन चकरा मारल्या आणि पोट जमिनीला लावून पसरला. हनुवटी पंजांवर. झालं, चार दिवसांचा धिंगाणा एका घासाच्या मिठावर मिटला.

“जीभ झडो तुमची!”

सुभद्राबाईला ते उभ्यानं सोसवेना. ती बाजेच्या कडेला बसली. तेवढ्यात बाज हलायला लागली. अर्जुनरावाचे खांदे गदगदत होते, तोंड वाकडं झालं होतं, नाकातून घरघर येत होती.

“प्रतीक्षा, धाव वं! झटका आला यायले!”

झटका कसला, हसत होता! अर्ध्या तोंडानं, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होता. चैत्रापासून पहिल्यांदा.

“हसता काऊन?” तिचा बांध फुटला. “म्या म्हटलं ना हे! माह्या तोंडानं म्हटलं! रोजच्या रोज वाजलं अन् खरं झालं! माह्यानंच झालं हे तुमचं, अन् तुमी हसून राह्यले?”

अर्जुनरावाचं हसू थांबलं. एवढे महिने ही बाई आपल्यासमोर धड नजर का वर करत नाही, ते त्याला आता कळत असावं. भोंगा आपला चालूच होता, बापाचं नाव घेता म्हणून विचारत होता. त्यानं डावा हात लांबवला, तिचा पदर धरला आणि तिला खाली ओढलं, अगदी तोंडापाशी.

मग त्यानं तोंड उघडलं आणि जीभ बाहेर काढली.

लांबच लांब काढली. एका बाजूला झुकलेली, थरथरणारी, पण शेंड्यापासून बुडापर्यंत सबंध. आणि नीट दिसली की नाही, म्हणून तिच्याकडे बघत तशीच धरून ठेवली.

सुभद्राबाईनं पाहिली. पुष्कळ वेळ पाहिली.

“हाय,” ती म्हणाली. “हाय जी, जागच्या जागी हाय.”

तरी तो जीभ आत घेईना. दारात प्रतीक्षा उभी होती, हाकेसरशी धावली ती चहाचे कप हातात घेऊनच.

“घ्या आता आत,” सुभद्राबाई पदरानं तोंड पुसत म्हणाली, “सून पाहून राह्यली.”