नत्थूजींची नजर पटावर

माझे मालक नत्थूजी, अर्धांगवायूनंतर अकरा महिन्यांनी पहिलं वाक्य बोलले ते डोळ्यांनी. आमची लेक वर्षाली नागपूरला कम्प्युटर शिकते. तिने आणलेल्या टॅबलेटमध्ये असं होतं की ज्या चौकोनावर नजर ठेवाल, तो शब्द यंत्र मोठ्याने बोलतं. पाणी, चहा, पाठ खाजव, लघवी. खाली बाराखडी. मी पदर सावरून समोर बसले, म्हटलं आता माझं नाव घेतील. अर्धा तास डोळे फिरवले आणि यंत्र म्हणालं, "पटावर ने मले."

अस्सा राग आला! तीस वर्षं अल्लीपूरच्या शंकरपटात माईकवर यांचाच आवाज. बैलांची शर्यत सुरू झाली की बायको आहे का मेली, याचं भान नसायचं. पट ही माझी सवतच. पण अकरा महिन्यांत माणसाने पहिल्यांदा काही मागितलं होतं. मी पट भरवणाऱ्या सरपंच गोपालकडे गेले.

"एक फेरी देतो, काकू," तो म्हणाला. "नाई जमलं तं दुसरा माणूस तयार आहे."

पटाच्या दिवशी यंत्र भोंग्याला जोडलं. पहिली जोडी सुटली आणि हे यंत्राकडे कशाला बघतात! नजर बैलांमागे पळाली, चौकोनांवरून घसरत. भोंगा साऱ्या गावाला ओरडून सांगू लागला, "चहा! पाठ खाजव! लघवी! लघवी!"

लोक पोट धरून हसले. मलाही हसू फुटलं. मग यांचे डोळे भरलेले दिसले आणि मी पदराने ते पुसले.

"पुरे आता, काकू," गोपाल म्हणाला.

"काऊन पुरे? सरपंचकीच्या पहिल्या भाषणात तू काय बोललता, सांगू काय माईकवर?"

"बरं, अजून एक," तो घाईने म्हणाला.

वर्षालीचं डोकं चाललं. "बाबा बैलांकडेच पाहतीन ना? मंग पाहू दे." तिने टॅबलेटचा मागचा कॅमेरा पटाकडे वळवला. चौकोन पुसले, पडद्यावर अख्खा पट दिसू लागला. मग त्या चित्रावरच तिने यांची जुनी वाक्यं पेरली. सुरुवातीला एक, मध्ये एक, शेवटच्या झेंडीपाशी एक. मला तिथे थांबवेना. मी लांब जाऊन झेंडीखाली उभी राहिले.

जोडी सुटली. "सुटली रे सुटलीऽ!" भोंगा गरजला. बैल हाकणारा धुरकरी मध्यावर आला, "धुरकऱ्या, सोडू नको!" झेंडी ओलांडली, "वाऽ! एक नंबर!"

आवाज यंत्राचा, पण वेळ यांचीच. तसूभर इकडे नाही की तिकडे नाही! शिट्ट्या, टोप्या, धुरळा. गोपाल तर खुर्चीवर चढून नाचला. मीही चप्पल हरवेपर्यंत उड्या मारल्या.

धुरळा बसला. पट रिकामा, पुढची जोडी अजून जुंपायची होती. आणि भोंगा बोलला, "वाऽ! एक नंबर!"

लोक पटावर जोडी शोधू लागले.

"वाऽ! एक नंबर! वाऽ! एक नंबर!"

"यंत्र बिघडलं काय वं?" गोपाल ओरडला.

माईकवर वर्षालीचं खिदळणं ऐकू आलं. "नाई हो काका, यंत्र बरोबर आहे. बाबा आईले पाहून राह्यले."

हजारो माना माझ्याकडे वळल्या. मी हातवारे करून सांगितलं, अहो, बैलांकडे बघा! ऐकतील तर शपथ. भोंगा सुरूच.

मी झेंडीखालून दोन पावलं सरकले असते, तर तो गप्प झाला असता. मी सरकले नाही.