मला हवा मारली तो रविवार

मित्रांनो, मला जुना म्हणा, खटारा म्हणा, मी रागावणार नाही. माझ्या पुढच्या झाकणाची एक खीळ तुटली आहे, तिथे दिव्याने केसांचं रबर अडकवलं आहे. पण बिलं छापणाऱ्या साध्या संगणकांच्या रांगेत मात्र मला बसवू नका. मला खेळासाठी जुळवलेलं आहे. पिंपरीच्या एका दुकानात माझा एकेक भाग निवडून घेतला तेव्हा माझ्या पोटात लाल दिवे होते, आणि ते लागले की दुकानातली गिऱ्हाइकं मान वळवून बघायची.

मला घेतलं जयदीप नावाच्या एका तरुणाने. पुनावळ्यातल्या त्याच्या नव्या फ्लॅटमध्ये माझी काय बडदास्त होती! मित्र यायचे, काचेतून आत डोकावून "काय मशीन आहे राव!" म्हणायचे, आणि मी फुशारून पंखे फिरवायचो. पण खेळ दरवर्षी जड होत गेले आणि मी होतो तिथेच राहिलो. मला धाप लागू लागली. मग घरात नवा लॅपटॉप आला आणि माझी रवानगी बाल्कनीत झाली. डोक्यावर आकाशकंदिलाचं खोकं, शेजारी कपडे वाळत घालायचा स्टँड. समोर नव्या इमारती उठत होत्या, त्यांची सगळी धूळ माझ्या नाकातोंडात. आपल्याला कुणी हातही लावत नाही याचं दुःख काय असतं, ते मला विचारा.

तिथून मला सोडवलं दिव्याने. ती कुरुळीत राहते आणि चाकणच्या एका कंपनीत मोटारींच्या वायरींचे जुडगे बांधते. कंत्राटी काम, कायम सकाळची शिफ्ट. जयदीपची जाहिरात बघून ती वडिलांना घेऊन आली. तिचे वडील चिमाजी दुसऱ्या एका कंपनीत यंत्रदुरुस्ती करतात. त्यांनी मला ठोकून बघितलं, उचलून बघितलं आणि "डबडं हाय ह्ये" असा निकाल दिला. तरी मला चादरीत गुंडाळून, मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून घरी आणलं ते त्यांनीच.

दिव्या पाच जणांच्या संघात खेळते. पडद्यावरच्या लढाईचा खेळ, पाच इकडे, पाच तिकडे. बाकीचे चौघे वेगवेगळ्या गावांत राहतात आणि एकमेकांना फक्त आवाजावरून ओळखतात. कप्तान रणजीत साताऱ्याचा. दिव्याची नजर आणि बोटं इतकी चपळ, की मला तिचा अभिमान वाटायचा आणि स्वतःची लाज. कारण ऐन चकमकीत माझी चित्रं अडखळायची, आणि समोरचा दिसायच्या आधीच ती मारली जायची. पण तिने मला कधी फटका मारला नाही. "चल रे म्हाताऱ्या," एवढंच म्हणायची.

अशात मुंबईच्या एका मोठ्या संघाने या पाच जणांना चाचणीला बोलावलं. खेळायचं आपापल्या घरूनच, पण जो पसंत पडेल त्याला दरमहा पगार. चाचणी रविवारी दुपारी चारला, तीन सामन्यांची. आणि नेमकं दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, चिमाजी दिव्याला आपल्या कंपनीत लावणार होते. वर्षभर साहेबांच्या मागे लागून त्यांनी ती कायमची जागा मिळवली होती. तिथे तीन पाळ्या फिरत्या. एकदा त्या सुरू झाल्या की संध्याकाळचा सराव बंद, म्हणजे संघही सुटला. तिला जे काही करून दाखवायचं होतं ते त्या एका रविवारीच.

आधी मला उभं करणं भाग होतं. साठवलेले थोडे पैसे घेऊन ती मला दापोडीला घेऊन गेली. तिथे रेल्वेलाइनजवळच्या गल्लीत शाहरुखचं जुन्या सुट्या भागांचं दुकान आहे. दिव्याची नजर गेली ती एका भल्यामोठ्या ग्राफिक्स कार्डावर. ग्राफिक्स कार्ड म्हणजे माझा चित्रं काढणारा हात.

"दीदी, ते नको," शाहरुख म्हणाला. "ह्याचा पॉवर सप्लाय जुना आहे. एवढं मोठं कार्ड लावलंस तर दोन्ही जळतील. हे छोटं घे. वापरलेलं आहे, पण मी स्वतः चालवून बघितलंय. उरलेल्या पैशांत रॅम वाढव आणि ती खडखडणारी डिस्क बदलून टाक."

"पण चालेल ना?"

"पळेल! फक्त गरम होऊ देऊ नकोस."

मित्रांनो, त्या संध्याकाळी मी सुरू झालो तो असा, की दिव्याला चहाचा कप तोंडाला लावायलाही सवड मिळाली नाही. पूर्वी मी जागा होईपर्यंत तिचा चहा पिऊन, कप धुऊन व्हायचा. ती खुर्चीतल्या खुर्चीत गोल फिरली. मलाही वाटलं, सरली आपली साडेसाती.

पण अर्धा-पाऊण तास झाला की माझं अंग तापायचं आणि चित्रं पुन्हा अडखळायची. बाल्कनीतली धूळ पार सांध्यासांध्यांत बसली होती. ब्रशने निघाली तेवढी दिव्याने काढली. शनिवारी जेवताना ती रडकुंडीला आली.

"उद्या असंच झालं ना अण्णा, तर माझं काही खरं नाही."

"मंग परवा कामावर जायचं गुमान," चिमाजी म्हणाले. "ख्योळ खेळून कुनाचं प्वाट भरलंय व्हय?"

दिव्या ताटावरून उठली. चिमाजींनीही भाकरी अर्धीच ठेवली, आणि मग बराच वेळ माझ्याकडे बघत बसले. बापाचा जीव होता तो. बोलून गेले होते, पण पोरीचं रडणं त्यांना सहन होत नव्हतं.

आमच्या पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी गुरुवारची, त्यामुळे रविवारी दिव्या कामावर गेली. तिची आई सुमनताई कँटीनमध्ये पोळ्या लाटायला गेल्या. चिमाजी रात्रपाळी करून आले ते झोपलेच नाहीत. मला उचलून त्यांनी गल्लीच्या तोंडाशी, भिवाच्या पंक्चरच्या दुकानात नेलं. यंत्रावर धूळ बसली की कंपनीतल्या माणसांकडे एकच औषध असतं. ते हवा मारतात. चिमाजींनी माझी काच काढली, कॉम्प्रेसरची नळी हातात घेतली आणि खटका दाबला.

बाल्कनीतली सगळी वर्षं ढग होऊन उडाली. क्षणभर मला फार बरं वाटलं. पण माझ्या नव्या कार्डाचा इवलासा पंखा त्या झोताने वेड्यासारखा फिरला, किंचाळला, आणि त्याचं एक पातं तुटून खाली पडलं. पाठोपाठ हवेबरोबर पाण्याचे शिंतोडे आले.

"मामा, थांबा की!" भिवा आतून धावत आला. "टाकीत साचल्यालं पानी आज सोडलंच न्हाई मी!"

चिमाजींनी खटका सोडला. जन्म यंत्रांत गेलेला माणूस तो, काय घडलंय ते त्यांना सांगायला नको होतं. घरी आणून त्यांनी मला फडक्याने पुसलं, दारातल्या उन्हात ठेवलं. मग टेबलावर ठेवून पिशवीतून एक लाल टॅग काढला आणि माझ्या वायरच्या पिनेला प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट आवळला. त्यावर छापलेलं होतं, 'चालू करू नका. काम चालू आहे.' खाली त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. तुटकं पातं खिशात टाकलं आणि मोटारसायकलवरून दापोडीची वाट धरली. दिव्याला कळवायची सोयच नव्हती. तिच्या कंपनीत मोबाइल गेटवर ठेवून घेतात.

दिसेल तिथलं पाणी त्यांनी पुसलं होतं. पण रॅमच्या पट्टीखाली, खाचेत, एक थेंब राहिला होता. तो फक्त मला माहीत होता. वीज आत आली की त्या थेंबाने माझा निकाल लागणार होता. मी वाट बघत बसलो. एरवी दिव्याची वाट बघणं म्हणजे माझा आनंद. त्या दिवशी मनात एकच, की तिने आज येऊच नये.

ती आली, चाराला थोडाच अवकाश असताना, धापा टाकत. हात न धुताच खुर्चीत बसली, पिन घ्यायला वाकली, आणि तिला टॅग दिसला.

आधी तिला काही उमगलंच नाही. मग चेहरा लालबुंद झाला. "अण्णा!" ती घरभर ओरडली. घरात कुणीच नव्हतं. फोन लावला, पण गाडीवर असताना चिमाजी फोन उचलत नाहीत. तिने पुन्हा लावला, पुन्हा लावला.

"मुद्दाम केलं," ती स्वतःशीच म्हणाली. "उद्या कामावर जावं म्हणून मुद्दाम बांधून ठेवलं."

माझा जीव तुटत होता. तसं नाही गं, असं मला ओरडून सांगायचं होतं.

इतक्यात रणजीतचा फोन आला. "दिव्या, अगं आहेस कुठं? पहिला सामना सुरू होतोय!"

"पाच मिनिटं थांबव ना."

"ते थांबत नाहीत. हा सामना आम्ही चौघं खेळतो. पण दुसरा सुरू व्हायच्या आत आली नाहीस तर तुझं नाव कटलं, भावा. मुंबईचे सर तसं स्पष्टच म्हणाले."

तिने स्वयंपाकघरातून कात्री आणली. पट्टीला लावली. एक कट, पिन भिंतीत, बटण, आणि संपलो आम्ही दोघंही. कात्रीचं थंड पातं मला वायरीवर जाणवत होतं.

मित्रांनो, एक गोष्ट सांगायची राहिली. चिमाजींच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच आहेत. दिव्या लहान असताना त्यांनी एका यंत्राला असाच टॅग लावून आत हात घातला होता. कुणाला तरी घाई होती. त्याने टॅग काढला आणि यंत्र चालू केलं. तेव्हापासून त्या घरात एक नियम आहे, आणि आता दिव्याच्या कंपनीतही तोच आहे. ज्याने टॅग लावला, त्यानेच तो काढायचा. मग कितीही घाई असो, कितीही राग असो.

कात्री तशीच राहिली. दिव्या रडत होती, बापाला नको नको ते बोलत होती, पण तिचा हात काही दाबला जात नव्हता. शेवटी तिने कात्री टेबलावर आपटली आणि जमिनीवर बसली. फोनमधून त्या चौघांचा आरडाओरडा ऐकू येत होता. ते हरत होते.

पहिला सामना हातचा गेला तेव्हा दारात मोटारसायकल थांबली. चिमाजी आत आले ते घामाने निथळत, हातात एक पिशवी.

"काय केलंत तुम्ही?" दिव्या उसळली.

"हवा मारली ग," चिमाजी म्हणाले. "तुझं काम व्हावं म्हनून मारली. पंखा तुटला, आत पानी ग्येलं. माजी चूक हाय. दुकान उशिरा उघडलं, न्हाईतर कवाच आलो असतो."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला!"

"कुनीच न्हाई. मागनं बोल मला, पायजे तेवढं बोल. आदी हे उघड."

त्यांनी स्वतःच्या हाताने टॅग काढला. शाहरुखने बजावलं होतं, की आधी रॅम काढून खालचं बघा. दिव्याने रॅमची पट्टी उचलली आणि खाचेतला थेंब तिच्या बोटावर आला. तिने त्या थेंबाकडे बघितलं, कात्रीकडे बघितलं, आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला. खाच टिपून, फुंकून कोरडी केली.

पिशवीत शाहरुखने दिलेला एक जुना, मोठा पंखा होता. तो माझ्या कार्डावर बसवायला स्क्रूची जागाच नव्हती. दिव्याने टॅगला होती तसल्या चार प्लॅस्टिकच्या पट्ट्या घेतल्या. हेच काम ती रोज आठ तास करते. बोटं आपोआप चालली, पंखा कार्डावर आवळून बसला. चिमाजी टॉर्च धरून उभे होते.

"लाव," ते म्हणाले.

बटण दाबलं गेलं. भीती वाटते म्हणजे काय, ते मला त्या क्षणी समजलं. मग पंखा फिरला, पडदा उजळला. दुसरा सामना सुरू व्हायला काही सेकंद उरले असताना दिव्याचं नाव यादीत चढलं.

त्यानंतर मी काय केलं ते विचारू नका. पट्ट्यांवर तोललेला तो पंखा हलत होता, पॉवर सप्लाय कण्हत होता, पण मी एकही चित्र अडखळू दिलं नाही. दुसरा सामना आम्ही जिंकलो. तिसरा हरलो, अगदी थोडक्यात. एकूण हारच झाली. दिव्याने कानावरचा हेडफोन काढून ठेवला, तेवढ्यात मुंबईच्या सरांचा फोन आला.

"उशीर का झाला तुला?"

चिमाजी खाटेवर मान खाली घालून बसले होते. दिव्याने त्यांच्याकडे बघितलं.

"मशीनचं काम निघालं होतं, सर. काम पुरं होईपर्यंत चालू करता येत नव्हतं."

"तुमचा संघ नाही घेता येणार," सर म्हणाले. "तुला मात्र महिनाभर घेऊन बघू. पगार मिळेल. सराव रोज संध्याकाळी. जमेल?"

उद्याचा सोमवार दिव्याच्या डोळ्यांसमोर होता, आणि बापाने वर्षभर मारलेल्या चकराही.

"जमंल म्हन," चिमाजी खाटेवरून म्हणाले.

तिने तसं सांगून फोन ठेवला. "आणि उद्या, अण्णा? साहेबांना काय सांगणार?"

"सांगतो की. पोरगी दुसरीकडं कामाला लागली म्हनून."

कालपर्यंत जो त्यांच्या लेखी नुसता खेळ होता, त्याला आज ते काम म्हणत होते. दिव्या त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि रडली, आणि या वेळी त्यांनी तिला रडू दिलं.

मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांची धूळ पुसत जा, आणि तीही मऊ ब्रशने. पण एवढंच सांगायला मी तोंड उघडलं नव्हतं. तुमच्या हातून कधी ना कधी काहीतरी बिघडेल. प्रेमाने करायला जाल आणि तरी बिघडेल. तेव्हा ते फडक्याने पुसून गप्प बसू नका. पुढचा माणूस बटण दाबायच्या आत त्याला सांगा. तो ओरडेल, ओरडू द्या. आम्हाला सांगायचं असतं, पण बोलता येत नाही. तुम्हाला येतं.