चौदा अंगठे

मॅनेजरसाहेबांनी कागद दोनदा मोजले. कागद पाच. त्यांवर सह्या त्रेपन्न आणि निळ्या शाईतले अंगठे चौदा. जुन्या बाटल्या धुऊन पुन्हा भरणाऱ्या त्या कारखान्यात कामगार एकशे अठरा. निम्म्याहून जास्त जणांना युनियन हवी असेल तर आपण बोलायला बसू, असा शब्द साहेबांनीच महिन्यापूर्वी दिला होता. निम्मे म्हणजे एकोणसाठ.

टेबलाच्या अलीकडे दोघी उभ्या होत्या. धुलाई खात्यात सव्वीस वर्षं काढलेली आक्का, आणि लेबलं लावणाऱ्या खात्यातली तिची सून. कागद घेऊन सगळ्या खात्यांत फिरली होती ती सूनच. दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, पण बसा असं कोणी म्हटलं नव्हतं.

बाटलीचा तडा बघायचं भिंग साहेबांनी खणातून काढलं आणि अंगठ्यांवरून सावकाश फिरवलं.

"यांत एक रेघ नाही. हे ठसे नव्हेत, डाग आहेत."

सुनेने सांगितलं की धुलाईतल्या प्रत्येक बाईने तिच्यासमोर अंगठा टेकवलाय, शेजारी नावंही आहेत. साहेबांचं म्हणणं, एकाच माणसाने चौदा वेळा बोट टेकवलं तरी असंच दिसेल. अंगठे वजा केले की उरतात त्रेपन्न, म्हणजे बोलणी नाहीत. राहता राहिला खोट्या कागदांचा प्रश्न. ते करणाऱ्याला कामावर ठेवता येत नाही. हे शेवटचं वाक्य ते सुनेकडे बघून बोलले.

सुनेचा चेहरा उतरला. पण मुळात चूक आक्काचीच होती. सुनेने तिला सही शिकवायचा घाट घातला होता. चार अक्षरं, आई, आठ दिवसांत येतील. आक्काने उडवून लावलं होतं, की सव्वीस वर्षं चालला तो अंगठा आता शिळा झाला काय? मग धुलाईतल्या बाकीच्या तेराजणींनीही तिचीच री ओढली.

तिने अंगठा उजेडात धरला. कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात बाटली बुडवायची, आत ब्रश घालायचा, तोंडावरून अंगठा फिरवून टवका नाही ना ते बघायचं. हातमोजे मिळत सहा महिन्यांनी आणि फाटत तीन आठवड्यांत. अंगठा बाटलीसारखाच गुळगुळीत झाला होता.

"साहेब, फाटकापर्यंत येता का?"

"कशाला?"

"अंगठा खरा की खोटा, ते तुमचं मशीन सांगेल."

फाटकावर हजेरीचं मशीन बसून तीन वर्षं झाली होती. धुलाईतल्या बायकांचा अंगठा ते घेतच नसे. म्हणून त्यांची रांग वेगळी, हजेरी पहारेकऱ्याच्या वहीत. लेबलवाल्या मुली त्या रांगेला व्हीआयपी म्हणत. तुमच्यापुढे मशीननेही हात टेकले, आई, असं सूनही हसून म्हणायची.

साहेब कागद आणि भिंग घेऊन फाटकावर आले. वही फाटकावरून हलवायची नाही हा साहेबांचाच हुकूम, असं सांगत पहारेकऱ्याने ती जागेवरच उघडली. वर लिहिलं होतं, मशीनवर अंगठा न उमटणारे कामगार. खाली चौदा नावं. प्रत्येक महिन्याच्या शेवटी साहेबांची सही. साहेबांनी कागदावरची नावं वहीतल्या नावांशी एकेक करून ताडली आणि चौदाजणींना बोलावणं धाडलं.

एकेकीने एप्रनला हात पुसून तीन-तीनदा अंगठा ठेवला. लाल दिवा बेचाळीस वेळा लागला. शेवटी साहेबांनी स्वतःचा अंगठा ठेवून पाहिला. हिरवा दिवा पहिल्याच खेपेला लागला.

"अंगठा आमचाच आहे, साहेब," आक्का म्हणाली. "रेघा तेवढ्या तुमच्या बाटल्यांबरोबर गेल्या."

पहारेकरी उगाचच फाटकाची कडी तपासू लागला. साहेबांनी कारकुनाला पोच लिहायला सांगितली आणि आक्काचा भरतीचा अर्ज मागवला. सगळं रीतसर व्हायला हवं, म्हणाले.

अर्ज पिवळा पडला होता. त्यावरचा अंगठा काळ्या शाईतला, भोवऱ्यासारखा गोल फिरत गेलेला. आक्काने तो भिंगातून पाहिला आणि भिंग सुनेकडे दिलं.

"कोणाचा गं हा?"

"तुमचाच, आई."

कारकुनाने टाचणीच्या टोकाने ठशाच्या मधोमध एक सरळ रेष धरून रेघा मोजल्या. खात्री करायला पुन्हा मोजल्या. मग पोच पुरी केली. सुनेने ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली.

एकूण कामगार ११८. युनियन हवी म्हणणारे ६७. वजा : काही नाही. बोलणी सोमवारी, सकाळी अकरा वाजता. शेरा : भरतीच्या अर्जावरील अंगठ्यात रेघा ३१, आजच्या अंगठ्यात ०.