दोन रेघांचा कौल

ऋषिराज महाराजांच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. मूल हवं असलेल्या बाया महाराजांनी दिलेली कागदी पट्टी रोज घरी लघवीत बुडवायच्या आणि दोन ठसठशीत रेघा उमटल्या की ती आणून देवीच्या पायाशी ठेवायच्या. मला देवीची दया आली.

“दोन रेघा! देवी जागी झाली!” प्रांजलची पट्टी उंच धरून महाराज गरजले. “आता अकरा दिवस नवऱ्याचं तोंड बघायचं न्हाई. न्हाईतर देवी माघारी फिरंल!”

लोकांनी जयजयकार केला. प्रांजल मात्र रडवेली झाली होती. हा तिचा सहावा नेम. दर वेळी तिचा नवरा मल्हार कुपवाडला कारखान्यातल्या मित्राच्या खोलीवर राहायला जायचा, दर वेळी तिला पाळी यायची आणि महाराज म्हणायचे, नेम मोडला. यंदा काही झालं नाही तर मल्हारसाठी दुसरी सोयरीक बघायची, असं सासूनं, हरणाबाईंनी, तिला तोंडावर सांगितलं होतं.

तेवढ्यात माझ्याबरोबर आलेल्या, गावच्या दवाखान्यातल्या फिरदोस सिस्टरनी पिशवीतून एक पाकीट काढून फोडलं. आत हुबेहूब तशीच पट्टी.

“महाराज, ही मेडिकलात मिळते. तुम्ही नुसती पाकिटं फाडून टाकलीत. अंडं सुटायच्या आधी बाईच्या अंगात एक संप्रेरक वाढतं, ते ही पट्टी दाखवते. दुसरी रेघ पहिलीइतकी गडद झाली की दीड-एक दिवसात अंडं सुटतं. दिवस राहायचे ते हेच दोन-तीन दिवस!” मग त्या प्रांजलशेजारी उभ्या असलेल्या हरणाबाईंकडे वळल्या. “मावशी, तुमची मेंढी माजावर आली की काय करता?”

“एडका सोडतो की.”

“आणि नेमका तवाच अकरा दिवस एडका बांधून ठेवला तर?”

“मग कोकरू कुठनं हुईल, येडे?” हरणाबाई हसल्या, आणि हसता हसता थांबल्या.

“माणसाला मेंढरांच्या रांगेत बसवता व्हय?” महाराज कडाडले.

“मेंढरांवर नेम तरी न्हाई, महाराज,” प्रांजल म्हणाली. मंडपात हशा पिकला. महाराजांना एकाएकी ध्यान लागलं.

हरणाबाईंनी तिथूनच मल्हारला फोन लावला. “मित्राकडं जाऊ नगंस, आज घरीच ये. रातपाळी हाय? आजारी हाय म्हन!” मग सिस्टरना विचारलं, “आता पोर हुईल न्हवं?”

“खात्री द्यायला मी काय महाराज आहे? लग्नाला चार वर्षं झालीत, डॉक्टरांकडून तपासून घ्या. दोघांनी. म्हणजे मल्हारनं बी.”

“माझ्या पोराला काय धाड भरलीया?”

“मला काय झालंय, ते तरी कुणी तपासलंय, आत्या?” प्रांजलनं विचारलं.

हरणाबाईंनी सुनेचा हात धरला. “सोयरिकीचं बोलले, ते चुकलं माझं,” त्या म्हणाल्या. प्रांजल तेव्हा मात्र खरोखर रडली.

माझं मागणं साधं आहे. कुणी चमत्काराची पट्टी हातात दिली, तर आधी तिचं पाकीट मागा. आणि पाळणा हलला नाही म्हणून सुनेला दोषी ठरवण्याआधी, मुलालाही दवाखान्यात न्या.