ताट चाटूनपुसून

"दाबा. अजून. अहो, जीव लावून दाबा, मोडलं तर मी भरून देईन."

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या तरुणाने दातओठ खाऊन मूठ आवळली. पंजाची ताकद मोजायच्या यंत्राचा काटा जरासा सरकला आणि गेल्या खेपेपेक्षाही खालीच अडला. याच माणसाने एकदा थट्टेथट्टेत तो काटा पार टोकाला नेऊन ठेवला होता. बाईंनी त्याच्या दंडाला टेप गुंडाळली, मग चिमटीत कातडी धरून पाहिली. चिमटीत कातडीच आली, दुसरं फारसं काही नाही.

बाई किडनी विभागातल्या आहारतज्ज्ञ. पेशंट मंडळी त्यांना पाठीमागे 'घासबाई' म्हणत, कारण माणूस दारातून आत आला की त्या आधी 'आज किती घास गेले?' विचारत आणि मग 'बसा' म्हणत. हे नाव त्यांच्या कानावर आलं होतं आणि मनातून त्यांना ते आवडतही होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी एक गोष्ट पक्की करून टाकली होती, ती म्हणजे जेवणाच्या बाबतीत घरचे लोक हमखास थापा मारतात. 'भरपूर खातो हो' म्हणणाऱ्या आयांच्या मुलांच्या बरगड्या त्यांनी पाहिल्या होत्या. त्यामुळे रक्तातली प्रथिनं घसरली, की बाईंचा संशय सरळ स्वयंपाकघराकडे धाव घेई.

या तरुणाच्या घरी स्वयंपाकघर बापाच्या ताब्यात होतं. बाप एका कारखान्याच्या कँटीनमध्ये आचारी. नऊ वर्षांपूर्वी त्याने मुलाला आपली एक किडनी दिली होती. ती आठ वर्षं झकास चालली, मग थकली, आणि मुलगा पुन्हा डायलिसिसच्या खुर्चीत आला. बंद पडलेली किडनी आहे तिथेच राहू दिली होती. त्रास देत नसेल तर तिला सहसा कोणी हात लावत नाही. त्रास मात्र दुसराच सुरू झाला. मुलगा दिवसेंदिवस वाळत चालला. आचारी दर भेटीला शपथेवर सांगे, "मॅडम, ताट चाटूनपुसून खातो तो. अंडी खातो, मासे खातो, तुम्ही सांगितलंत ते सगळं खातो."

बाईंना ते पटत नव्हतं. गेल्या महिन्यात त्यांचा तोल सुटला आणि बाहेर बाकांवर सगळी रांग बसलेली असताना त्या आचाऱ्याला म्हणाल्या, "दोनशे माणसांना जेवू घालता आणि घरी एकाला पुरेसं वाढता येत नाही?" कुणीतरी खुदकन हसलं. आचाऱ्याने हातातला डबा पिशवीत सारला आणि पिशवी पाठीमागे धरली.

आज सकाळी मोठ्या डॉक्टरांनी बाईंना बोलावून घेतलं होतं. रक्तातली प्रथिनं आणि शरीरातला दाह दाखवणारी तपासणी, दोन्ही रिपोर्ट त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "हा उपाशी नाहीये," डॉक्टर म्हणाले. "खातोय, पण ते आत जळतंय. त्याचं शरीर अजून त्या जुन्या किडनीशी भांडतंय. मी बाकी सगळं तपासलं. काढावी लागेल." दाहाचा तो आकडा दर महिन्याला बाईंच्या डोळ्यांखालून जात असे. ते डॉक्टरांचं खातं, असं म्हणून त्या पान उलटत. आज त्यांना स्वतःचीच लाज वाटली आणि ती दिवसभर गेली नाही.

"तुम्हाला डॉक्टर बोलले ना?" यंत्र बाजूला ठेवत त्यांनी तरुणाला विचारलं.

"बोलले. मॅडम, बाबांना सांगू नका. ते आत्ता औषधांच्या रांगेत आहेत, इतक्यात येतील."

"ऑपरेशन काय लपून राहणार आहे?"

"हर्नियाचं आहे म्हणेन. तुम्ही फक्त सांगा, की मीच खात नव्हतो. अन्न टाकून देत होतो. मला शिव्या घालतील, चार दिवस बोलणार नाहीत. पण जे कळायला नको ते त्यांना कळणार नाही. ती किडनी बंद पडली, त्या दिवशी त्यांनी माझी माफी मागितली होती हो. दुकानदारानं खराब माल परत घ्यावा, तसं तोंड झालं होतं त्यांचं."

बाई 'बघू' म्हणाल्या. तेवढ्यात आचारी आत आला. औषधांची पिशवी त्याने मुलाच्या मांडीवर ठेवली, पण स्वतः बसला नाही.

"मॅडम, मी कँटीन सोडलं."

"सोडलं म्हणजे?"

"जातच नाही आता. पोटच्या पोराच्या अंगी लागेल असं मला करता येईना, मग परक्यांसाठी पातेली कशाला चढवू? घरीच थांबतो. तुम्ही फक्त माझं कुठं चुकतंय ते दाखवा. जास्त शिजवतो का मी? तेल कमी पडतं? तुम्ही म्हणाल तसं करतो."

मुलगा बाईंकडे बघत राहिला. खोटं अगदी तयार होतं, नुसतं तोंडातून बाहेर काढायचं होतं. पण मग हा माणूस जन्मभर असा आचारी राहणार होता, ज्याचं रांधलेलं त्याचाच मुलगा फेकून देत होता. बाईंच्या जिभेवर ते येईना.

"तुमच्या जेवणात काही खोट नव्हती," त्या म्हणाल्या. "तो सगळं खातो, हे तुम्ही सांगत होता ते खरंच होतं. मी तुम्हाला चारचौघांत बोलले, ते चुकलं माझं. माफ करा."

आचाऱ्याचा चेहरा एकदम उजळला. "ऐकलंस का रे?" तो मुलाला म्हणाला. "काय म्हणाल्या मॅडम, ऐकलंस? मी सांगत होतो, पण माझं ऐकतंय कोण." मुलाने मान वर केली नाही. आचारी थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिला आणि त्याचं हसू हळूहळू मावळलं.

"मग खोट कशात होती?"

"बाबा, घरी जाऊन बोलू आपण."

"मी मॅडमना विचारतोय."

आता मागे फिरता येणार नव्हतं. बाई खुर्चीवरून उठल्या. हे बसून सांगावं असं त्यांना वाटेना. "तुम्ही दिलेल्या किडनीनं तिचं काम केलं," त्या म्हणाल्या. "आठ वर्षं केलं. आता ती बंद आहे, पण त्याचं शरीर तिला परकी समजून सतत झगडतंय. तुम्ही घातलेलं अन्न त्या झगड्यात खर्ची पडतंय. ती काढली की अन्न अंगी लागेल."

"माझीच ना ती?" आचाऱ्याने विचारलं. दुसरी कुणाची असणार नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं.

"हो."

तो मुलासमोर वाकला. शर्टावरूनच त्याने मुलाच्या ओटीपोटावर उजव्या अंगाला, ती किडनी बसवली होती तिथे, तळवा ठेवला.

"दुखतं का रे?"

"नाही."

"खरं सांग."

"कधी कधी. कुशीवर झोपलं की."

"मग बोलायचं नाही होय?"

मुलाचे डोळे भरून आले होते. आचारी बाईंकडे वळून, जणू त्याच ऑपरेशन करणार असाव्यात तसा म्हणाला, "काढून टाका. उगाच वेळ नका लावू."

बाई मान डोलावून 'हो' म्हणाल्या. आचाऱ्याने हात मात्र तिथून काढला नाही.