रोज दोन

“बाई, तुमचं रोजचं किती?” बाकावर शेजारी बसलेल्या अमृतरावांनी विचारलं.

“दोन,” पद्माबाई म्हणाल्या.

“रोज?”

“रोज. सकाळी हळदीच्या कामावर जायच्या आधी एक, सांजच्याला एक.”

“जेवून का?”

“न्हाई, उपाशीपोटी. घोटभर काळ्या चहासंगं.”

“चहासंगं!” अमृतराव थक्क झाले. “आमी मिसरूड फुटल्यापासून घेऊन राहिलो, पण चहा कधी सुचला न्हाई.”

नांदेडच्या सरकारी दवाखान्यात दुर्बिणीच्या खोलीबाहेरच्या त्या बाकावर सगळे रक्ताची उलटी होऊन आलेले. बहुतेक पन्नाशीचे पुरुष, बाई एकटी पद्माबाई. वसमतचे अमृतराव तर इथले जुनेच. त्यांनी आदरानं सरकून पद्माबाईंना जास्त जागा करून दिली.

पद्माबाईंच्या सुनेनं, राणीनं, तोंडाला पदर लावला. “आत्या, ते दारूचं इचारून राहिलेत.”

“दारू? अवो, गोळी! गुडघ्याची गोळी घेते मी!”

सगळा बाक हसला. अमृतरावांनी कानाला हात लावले. “माफी करा बाई. गोळीवाली आमच्यात पयलीच आली.”

पद्माबाईंना मात्र हसू आलं नाही. गावात याच गैरसमजानं त्यांची झोप उडवली होती.

कुरुंद्याजवळच्या त्यांच्या गावात देशी दारूचं दुकान होतं. ते ठेवायचं की बंद करायचं, यावर येत्या रविवारी बायकांचं मतदान होतं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. हे मतदान लागावं म्हणून पद्माबाई गल्लोगल्ली हिंडल्या होत्या. बोलणं एकच असायचं : “माझ्या मालकाला समद्यांनी बघितलं. दारू पिणाऱ्याच्याच तोंडातून रक्त येतं.” त्यांचा नवरा कोंडीबा तसाच गेला होता, त्यामुळे कुणी वाद घातला नाही. बायकांना ते वाक्य पाठ झालं होतं.

आणि गेल्या सभेत, हेच वाक्य बोलता बोलता, पद्माबाईंना उलटी झाली. चहाच्या चोथ्यासारखी काळपट, आणि मग लाल.

गावानं अर्थ काढायला वेळ लावला नाही. दुकानवाला जळबा तर पारावर सांगत सुटला, “पद्माबाई चोरून पीत व्हती याचं काही न्हाई. पण माझ्याकून घेत न्हवती, याचं वाईट वाटतं.”

“पद्माबाई!” आतून हाक आली.

डॉक्टर शितल मॅडम वयानं लहान होत्या. त्यांनी पापण्या खाली ओढून पाहिल्या, नाडी पाहिली. “आजी, एवढ्यात संडास काळी व्हायची का? डांबरासारखी?”

“आता काय सांगू? आमी अंधाराचं जातो, उजाडायच्या आत. काळं काय अन् पिवळं काय!”

शितल मॅडमचा लिहिता हात थांबला. “खरंय,” त्या म्हणाल्या. “हे असं कितीतरी दिवस चाललं असणार.”

दुर्बिणीची नळी घशातून आत गेली, बाहेर आली. डोळ्यांतलं पाणी न पुसताच पद्माबाईंनी विचारलं, “कशानं हाय?”

“जठरात जखम आहे, पण आता रक्त थांबलंय. दुखण्याच्या गोळ्या रोज घेतल्या, त्याही रिकाम्या पोटी, की आतलं अस्तर सोलवटतं. त्या आजपासून बंद.”

“दारूनं न्हाई ना?”

“दारूनं लिव्हर खराब झालं की अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि फुटतात. तुमच्या शिरा साफ आहेत.”

“मालकाचं तसंच झालं असंल,” पद्माबाई हळूच म्हणाल्या. मग त्यांनी पाठ ताठ केली. “मॅडम, हे जरा भाईर येऊन मोठ्यानं सांगता का?”

शितल मॅडम हसल्या, पण दारात येऊन खणखणीत आवाजात म्हणाल्या, “पद्माबाईंची जखम गोळ्यांची आहे. दारूची नाही!”

बाकावर टाळ्या पडल्या. अमृतराव उठून उभे राहिले. “बाई, रविवारी आडवीच करा. आमचं काय, आमी पिऊन बसलो.”

शनिवारी दुपारी पद्माबाईंनी समाजमंदिरापुढे बायका जमवल्या. “जयभीम. मी तुमाला अर्धंच सांगितलं व्हतं,” त्या म्हणाल्या. “दारूनं रक्त येतं, ते खरंच हाय. पण किराणा दुकानातल्या या दुखण्याच्या सुट्या गोळ्यांनीबी येतं. मला त्यानंच आलं. कोणाकोणाकडं हायेत?”

पुढे बसलेल्या पारुबाईंनी पदराची गाठ सोडली. त्यांचं बघून दुसरीनं, तिसरीनं. काही बायकांनी कमरेच्या पिशवीतून काढल्या. हळद खणणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या सगळ्यांच्या तळहातांवर त्याच गोळ्या.

“अगं बया,” पारुबाई म्हणाल्या, “जळबाच्या हिशोबानं समदं गावच पेताड निघालं की!”

पहिल्यांदा हसल्या त्या पद्माबाईच. मग सगळ्या इतक्या हसल्या, की पारावरची माणसं उठून बघायला आली.

रविवारी सकाळी पद्माबाईंचे गुडघे धरले होते. गोळी बंद होती. राणीनं मोटारसायकलवाल्याला थांबवलं, तर त्यांनी त्याला हातानंच जा म्हटलं आणि मतदानाच्या शाळेकडे चालायला लागल्या. भिंतीला हात लावत, थांबत, पुन्हा निघत. वाटेतल्या घरांतून बायका बाहेर पडत गेल्या, गप्पा मारत, एकमेकींना टोमणे मारत त्यांच्या मागे लागल्या. शाळेच्या फाटकापर्यंत निम्मा रस्ता भरला होता. पण कुणीच पद्माबाईंच्या पुढे गेलं नाही.