रिजेक्ट कागदावरची कस्तुरा

मी एक जुना कागद आहे, आणि जन्मतःच नापास आहे. मित्रांनो, हसू नका. चाकणच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासण्याचा तक्ता म्हणून मला छापलं. छापणाऱ्याला डुलकी लागली असावी. माझ्यावर ‘रिजेक्ट’चा रकाना दोनदा आला आणि ‘ओके’चा एकदाही नाही! अशा तक्त्यावर चांगला भाग तरी पास कसा होणार? गठ्ठाच्या गठ्ठा रद्दीत निघाला. तपासणी विभागातल्या वर्षालीने त्यातले चार कागद पाठकोरे म्हणून चिखलीला घरी नेले.

माझ्या कोऱ्या पाठीवर तिने एक माणूस घडवला. दर रविवारी दुपारी ती मित्रांबरोबर एक खेळ खेळते. ज्ञानेश गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, आणि कुठे अडलं की वीस बाजूंचा फासा टाकतात. पात्राचं बळ, विद्या, सामान, सगळं एका कागदावर लिहिलेलं असतं. नियम मोठा कडक: पात्र मेलं की कागद फाडायचा.

म्हणजे कस्तुराचा जीव तोच माझा जीव.

कस्तुरा ही गाण्यातून जादू करणारी गायिका. वर्षालीने तिला खंजिरी दिली, निळी शाल दिली आणि नऊ मंत्र दिले. सगळे आगीचे, विजेचे. पहिल्याच लढाईत बाईसाहेब एकट्याच राक्षसावर धावल्या. तिथेच आटोपायच्या, पण बळाचा एकच अंक शिल्लक राहिला आणि राक्षस गुहेत शिरला.

“राक्षस गाणं ऐकून टाळ्या वाजवंल व्हय?” तलवारवाला नवनाथ हसला. “रिजेक्ट हाय ही. फाड कागद, दुसरी कर.”

“रिजेक्ट नाही,” वर्षाली म्हणाली. “रिवर्क. दुरुस्त करून पुन्हा तपासायचं.”

घरी भिवाआजोबांनी मला चष्म्याजवळ धरलं. तीस वर्षं त्यांनी गायन पार्टीत गायलं होतं. सगळं वाचून म्हणाले, “हिच्यामागे झील कोण धरतं?”

“झील?”

“अगं, गायकाची ओळ मागचे उचलतात ना, ती. ती नसेल तर कसलाही गायक तिसऱ्या कडव्याला खाली बसतो. तू गायिका केलीस बाळा, पार्टी करायची राहिली.”

वर्षालीने खोडरबर उचलला. काय खोडलं मला! आग गेली, वीज गेली, उजव्या कोपऱ्यात तर भोकच पडलं. खाली एकच मंत्र लिहिला गेला: ‘झील. जो सोबती ओळ उचलेल, त्याला बेरजेत एक जादा फासा.’

ज्ञानेशने मान्य केलं, पण अट घातली. “खरोखर गायचं. मोठ्याने.”

पुढच्या रविवारी राक्षस परत आला. वार नवनाथचा होता आणि त्याला फाशावर पंधरा हवे होते. चुकला तर पुढचा घाव कस्तुरावर. वर्षालीने जेवणाच्या डब्यावर ठेका धरला आणि गायली, “हाक दिली मी एकटीने, साद मिळू द्या साऱ्यांची!”

“मला न्हाई बा गाता येत.”

“मग कागद फाड, भावा.”

नवनाथने माझ्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि ओळ उचलली. इतकी बेसूर की राक्षस त्यानेच मरायचा. फासा पडला. बारा. मग जादा फासा गरगरला.

तीन!

त्या आरड्याओरड्यात नवनाथने मला उलटं केलं आणि माझ्या छापील अंगावर, दोन्ही ‘रिजेक्ट’च्या शेजारी, पेनाने तिसरा रकाना आखला. वर लिहिलं ‘ओके’. खाली बरोबरची खूण केली. “रिवर्क पास,” म्हणाला.

आता मी प्लास्टिकच्या पाकिटात ऐटीत राहतो. नवा खेळाडू आला की मला दाखवतात, तेव्हा बोट आधी त्या भोकावर ठेवतात. मित्रांनो, कागद चुरगळण्याआधी एकदा उलटून पाहा. त्याची पाठ कोरी असेल. आणि खोडताना हात जरा हलका ठेवा. बाकी रिवर्क सोसायला मी केव्हाही तयार आहे.